नॉक्टुआ एनएच-यू१२एस: शांत कॉम्प्युटरसाठी कूलर निवडताना

घरचा कॉम्प्युटर शांत हवा असेल तर कूलरच्या खोक्यावरचा डेसिबलचा आकडा सगळ्यात शेवटी वाचावा. तो बहुतेक वेळा पंखा पूर्ण वेगाने फिरत असतानाचा असतो, आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने मोजते. कानाला खरा त्रास होतो तो आवाज वर-खाली होण्याचा. एका सुरात चाललेली मंद घरघर पाच मिनिटांत विसरायला होते. दर अर्ध्या मिनिटाला उसळून पुन्हा बसणारा पंखा मात्र कामातून लक्ष उडवतो. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-यू१२एस हा प्रोसेसर गार ठेवणारा कूलर या कसोटीला उतरतो, म्हणूनच त्याची शिफारस.

उंची १५८ मिलिमीटर, पाच हीटपाइप (प्रोसेसरची उष्णता वर नेणाऱ्या नळ्या), पंख्यासकट वजन ७५५ ग्रॅम. पंखा एकच, १२० मिलिमीटरचा, ३०० ते १५०० आरपीएमचा (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे). पूर्ण वेगाला कंपनी २२.४ डेसिबल सांगते. सोबत मिळणारी लो-नॉइज अडॅप्टरची वायर मध्ये जोडली की कमाल वेग १२०० वर येतो आणि आकडा १८.६ वर. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच घटते. म्हणून हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पातळ धातूच्या पात्यांचा गठ्ठा) मोठा आणि पंखा सावकाश, हेच शांततेचं गणित. ७०० आरपीएमला हा पंखा बंद कॅबिनेटमध्ये फिरतोय की नाही, हे कान लावून पाहावं लागतं.

याच कंपनीचा एनएच-डी१५ जास्त ताकदीचा आहे: दोन १४० मिलिमीटरचे पंखे, उंची १६५, वजन १३२० ग्रॅम. पण त्याचा पुढचा पंखा रॅमवर येतो आणि खाली जेमतेम ३२ मिलिमीटर जागा उरते. रॅम उंच असली की पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग कॅबिनेटचं झाकण लागत नाही. यू१२एसच्या हीटसिंकची जाडी ४५ मिलिमीटर, पंखा धरून ७१. त्यामुळे रॅमची काळजीच नाही. विकत घेण्याआधी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची मात्र बघाच. १५५ लिहिलं असेल तर हा बसणार नाही.

प्रोसेसर किती वॅट खेचतो तेही पाहायला हवं. टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट लिहिलेले एएमडीचे रायझन प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जातात, १०५ वाले १४२ पर्यंत. पहिल्या गटात हा कूलर अगदी आरामात असतो. दुसऱ्या गटात सतत भार असेल तर पंखा ऐकू येईल, पण कर्कश होणार नाही. इंटेलचा कोअर आय९-१३९००के पूर्ण भाराला २५३ वॅट मागतो; तिथे हा घेऊ नका, किंवा बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वॅटची मर्यादा खाली आणा.

बसवताना सगळ्यात जास्त घोटाळा एएम४ मदरबोर्डवर होतो (एएम४ आणि एएम५ हे रायझनच्या सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचे, प्रकार). सॉकेटच्या दोन बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे चार स्क्रू काढले की मागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते. ती दुसऱ्या हाताने मागून धरून ठेवा, कारण हा कूलर तिच्यावरच बसतो. त्याआधी जुना कूलर काढताना कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी लुकण) कोमट होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत उचला. थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. एएम५ वर ही भीती नाही: प्लेट घट्ट असते, पिना सॉकेटमध्ये असतात.

इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटला कूलर अडकवायच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर आहे, आधीच्या एलजीए१२०० ला ७५ होतं. जुन्या साठ्यातला किंवा वापरलेला कूलर घेताना आपल्या सॉकेटला बसणाऱ्या पट्ट्या आहेत का ते खोकं उघडून तपासा. पेस्टचा वाटाण्यापेक्षा थोडा लहान ठिपका मधोमध पुरे. कूलरचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने, दोन-दोन फेरे देत, आपोआप अडेपर्यंत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर तळ तिरका बसतो आणि पेस्ट एकीकडे सरकते.

एवढं करूनही पंखा उसळत असेल तर दोष कूलरचा नाही, बायोसच्या सेटिंगचा आहे. ब्राउझर उघडला की प्रोसेसरचं तापमान क्षणात १०–१५ अंशांनी उडी मारतं, कारण उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये तयार होते. हीटसिंकचं धातू तेव्हा अजून गारच असतं, त्यामुळे पंखा पळवून काहीच हाती लागत नाही. म्हणून ६० अंशांपर्यंत वेग ७०० वर स्थिर ठेवा, ७५ ला १०००, ८५ ला पूर्ण. वेग वाढण्याआधी तीन ते पाच सेकंद थांबण्याची सोय बायोसमध्ये असेल तर ती चालू करा. अर्ध्या तासाच्या या कामाने जो फरक पडतो, तो कूलर बदलूनही बरेचदा पडत नाही.

दर काही महिन्यांनी हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा; मोकळा सोडला तर तो ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग बिघडू शकतं.