आरसी बुक हरवलेल्या गाडीची विक्री: चिपळूणमधील एका आरटीओ एजंटाच्या सेवेविषयी

२२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या तळमजल्यावर शिरले, तेव्हा उंचावर लावलेली गाडी वाचली, पण कपाटातले आरसी बुक गेले. पुढे गाडी विकायला काढल्यावर जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने किंमत पाडून मागितली आणि नोटरीच्या करारावर गाडी लगेच नेण्याची तयारी दाखवली. चिपळूण बाजारपेठेतील या एजंटांनी मात्र पहिल्याच भेटीत बजावले, "काका, दुय्यम आरसी हातात आल्याशिवाय फॉर्म २९ वर, म्हणजे विक्रीच्या सूचनेवर, सही करू नका." हा आग्रह रास्तच होता, कारण गाडी दुसऱ्याच्या ताब्यात गेली तरी नोंदणीत नाव आपलेच राहते आणि अशा गाडीने अपघात केल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे.

पोलिसांचा गहाळ दाखला, दुय्यम आरसीसाठीचा अर्ज म्हणजे फॉर्म २६, चालू विमा आणि पीयूसी ही जुळवाजुळव सुरळीत झाली. खरा अडथळा निघाला तो बोजाचा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या नोंदीचा. कर्ज केव्हाच फिटले होते, तरी वाहननोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर बँकेचे नाव तसेच होते आणि ओटीपी माझ्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता. त्यांनी आधी नंबर बदलून घेतला आणि मग बँकेचे ना-हरकत पत्र व बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मागवला. ते पत्र हातात धरून, बॉनेट उघडून, बॅटरीच्या उजेडात चेसिस नंबरातले एकेक अक्षर त्यांनी ताडून पाहिले. इतकी काळजी पैसे मोजूनही क्वचितच मिळते.

एक उणीव नोंदवणे आवश्यक वाटते. सरकारी शुल्क आणि त्यांचा मेहनताना यांचा वेगवेगळा हिशेब मी मागितल्यावरच मिळाला. तो दर्शनी फलकावर असायला हवा.

गुहागरच्या खरेदीदाराबरोबर फॉर्म २९ आणि हस्तांतरणाच्या अर्जाचा फॉर्म ३० भरताना, राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत द्यायची असते, हेही त्यांनी आठवणीने सांगितले. विमा खरेदीदाराच्या नावावर करण्याचा अर्जही तेव्हाच भरून घेतला. आधी बोजा उतरवणे, मग दुय्यम आरसी आणि शेवटी हस्तांतरण हा क्रम ते मोडत नाहीत. त्यामुळे आजच्या आज व्यवहार उरकायचा असेल, तर त्यांच्याकडे जाऊ नये.