‘विजेची हीटिंग हवेतला ओलावा जाळते’ असं सांगून गळ्यात मारलेला ह्युमिडिफायर

आम्ही कॅनडात, क्यूबेक प्रांतातल्या गॅटिनोला राहतो. इकडे बहुतेक घरं विजेवरच तापतात. आमच्याकडे हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेने घरात ओढणारं यंत्र) आहे आणि कडाक्याच्या थंडीत त्याच्या जोडीला विजेची फर्नेस, म्हणजे हवा तापवणारी भट्टी. गेल्या जानेवारीत, बाहेर उणे १८ असताना, एक माणूस न बोलावता दारात आला. त्या आठवड्यात मुलाचा घोळणा दोनदा फुटला होता आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंच्या टाचा भेगाळून रक्त येत होतं. त्याने खिशातून हवेतला ओलावा मोजायचा मीटर काढून टेबलावर ठेवला. ११ टक्के! “विजेची हीटिंग हवेतला ओलावा जाळून टाकते, लहान मूल आहे घरात,” असं म्हणाला. मी घाबरले. डक्टला (गरम हवा खेळवणाऱ्या नळाला) बसवायच्या, घरभर ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरचे १९०० डॉलर ठरले. त्यातले ५०० तिथेच दिले, बाकीचे मशीन बसवल्यावर.

आता कळतं की पहिलं वाक्यच खोटं होतं. वीज ओलावा जाळत नाही. उणे २० अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी २१ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता जेमतेम ४ टक्के उरते. मग ती गॅसवर तापवा नाहीतर विजेवर. घर किती कोरडं होणार, हे मुख्यतः फटींतून बाहेरची हवा किती आत शिरते त्यावर ठरतं. आमच्याकडे पोटमाळ्याच्या झाकणाभोवती बोट जाईल एवढी फट होती. त्याने वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

मशीन बसलं तरी महिनाभर काही फरक नाही. शेवटी मी तळघरात जाऊन ड्रेनची नळी बादलीत सोडली. तासाभरात बादली काठोकाठ. हे मशीन ओल्या पॅडमधून गरम हवा नेणाऱ्या प्रकारचं. गॅस फर्नेसची हवा ५० अंशांच्या वर जाते, तिथे ते चालतं. हीट पंपाची हवा ३५च्या आसपास. तेवढ्यात पाणी फारसं उडतच नाही, सरळ गटारात जातं. अशा घराला घरभरचा ह्युमिडिफायर लागलाच, तर पाणी उकळून वाफ करणारा घ्यावा लागतो. तो म्हणाला होता, “वाफेवाला वीज खातो, हा फुकट.” तेही अर्धवट. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ०.७ युनिट लागतात. पॅडवाला ती उष्णता घरातल्या हवेतून घेतो आणि थंड झालेली हवा पुन्हा तापवायची तुमच्याच वीजबिलावर. हीट पंप ते काम स्वस्तात करतो, पण फुकट नाही. आणि विजेची फर्नेस चालू असेल तर पॅडवाला आणि वाफेवाला, दोन्हींचा हिशोब सारखाच.

मग मला त्याच्या मीटरचाच संशय आला. मी १५ डॉलरचे दोन मीटर आणले आणि मिठाने तपासले. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, ओलसर होईल एवढंच पाणी, आणि झाकण मीटरसकट झिपलॉकच्या पिशवीत रात्रभर बंद. ओल्या मिठाभोवतीच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, म्हणून सकाळी ७५ दिसायला हवेत. माझ्या मीटरांवर ७४ आणि ७३ होते. म्हणजे बरोबरच. मग ते बैठकीत ठेवले, ह्युमिडिफायरचं पाणी दोन दिवस बंद करून. बाहेर पुन्हा उणे १८ होतं आणि आत २५ टक्के. इतक्या थंडीत ३०च्या वर गेलं की खिडक्यांच्या काचांवर पाणी धरतं, चौकटीला बुरशी येते. म्हणजे कमी पडत होता तो थोडासाच ओलावा. पोटमाळ्याच्या झाकणाला फोमची पट्टी लावली, मुलाच्या खोलीत ८० डॉलरचा छोटा ह्युमिडिफायर ठेवला. त्यानंतर त्याचा घोळणा फुटला नाही.

पैसे मात्र गेले. क्यूबेकमध्ये दारावर येऊन केलेला करार, त्याची प्रत हातात पडल्यापासून १० दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. विक्रेत्याकडे परवाना नसेल तर ही मुदत वर्षभराची होते. हे मला ग्राहक संरक्षण कार्यालयाला फोन केल्यावर कळलं, ४१ व्या दिवशी. आमच्या विक्रेत्याकडे परवाना होता. कोणी नुकतीच सही केली असेल, तर आज करारावरची तारीख बघा आणि १० दिवस झाले नसतील तर रद्द केल्याचं लेखी कळवा. फोनवर विक्रेता “बघतो, पाठवतो माणूस” म्हणत दिवस काढेल. मला आमच्याने तीनदा तेच सांगितलं.