आठ महिने सिनेमे भाड्याने घेऊन बघितल्यावर

शनिवार-रविवारसाठी सिनेमे भाड्याने घ्यायला लागून आठ महिने झाले. डीव्हीडी नव्हे, ऑनलाइनच. घरात सबस्क्रिप्शन असताना वर वेगळे पैसे कशाला, असं आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं: सबस्क्रिप्शनवर मी सिनेमे बघतच नव्हते, पोस्टरं बघत होते. एक ट्रेलर, मग दुसरा, मग जांभई.

भाड्याचा नियम बहुतेक ठिकाणी असा की घेतल्यापासून ३० दिवसांत सुरू करायचा आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवायचा. (सगळीकडे एवढेच दिवस आणि तास मिळतील असं नाही, घेताना वाचून घ्या.) सुरुवातीला हे घड्याळ फार जाचलं. आता त्याच्याचमुळे मी बघते. शुक्रवारी रात्री लावला तर रविवार रात्रीपर्यंत सिनेमा आपला, म्हणजे दुसऱ्यांदाही बघून होतो.

'१२ अँग्री मेन' असाच दोनदा बघितला. दिग्दर्शक सिडनी लुमेटचा हा पहिला सिनेमा, १९५७ चा, ९६ मिनिटांचा; खटल्याचा निकाल ठरवायला बसलेले बारा ज्यूरी, जवळजवळ सगळा एका खोलीत. शुक्रवारी मी फक्त कोणाचं मत कधी फिरतंय तेच मोजत बसले. पण अर्ध्यानंतर जीव कोंडल्यासारखा व्हायला लागला आणि कारण काही कळेना. मग वाचलं, तर लुमेटने सिनेमाचे तीन हिस्से धरून कॅमेरा पहिल्या हिश्शात नजरेच्या वर ठेवलाय, मधल्या हिश्शात नजरेच्या रेषेत आणि शेवटच्या हिश्शात खाली. शिवाय लेन्सही जास्त जास्त लांब पल्ल्याच्या वापरत नेल्यात, म्हणून भिंती माणसांच्या पाठीला येऊन टेकल्यासारख्या वाटतात. शनिवारी सकाळी आवाज बंद करून परत लावला. शेवटाकडे चक्क डोक्यावरचं छत दिसायला लागतं! आदल्या रात्री ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

शनिवारी रात्री जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी'. १९५३ चा, सव्वादोन तासांचा, कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला आणि जवळपास न हलणारा. आई शेजारी होती. सबटायटल वाचत बघायचं म्हणून कुरकुरतच बसली होती. सुरुवातीलाच म्हातारं जोडपं मुलांकडे जायची बांधाबांध करतं. हवेची उशी सापडत नाही. तो म्हणतो तुझ्याकडे असेल, ती म्हणते मी तुम्हालाच दिली, आणि शेवटी उशी त्याच्याच सामानात निघते. आई म्हणाली, "हे तर तुझे बाबा." त्यानंतर ती जागची उठली नाही. नातवाला गवतावर खेळवताना आजी म्हणते, तू डॉक्टर होईपर्यंत मी असेन का. पोरगं आपलं खेळतंच राहतं. मी हळूच आईकडे बघितलं, ती टीव्हीकडेच बघत होती. त्या म्हाताऱ्याचं काम करणारा चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीचाही नव्हता, हे मी तिला नंतर सांगितलं. तिला ते अजून खरं वाटत नाही.

रविवारी एक नवा थ्रिलर घेतला होता. चाळीस मिनिटांत हातात फोन आला. पैसे भरले म्हणून रेटून शेवटपर्यंत बघितला, हा या पद्धतीचा तोटाच म्हणायचा.

तक्रारी आहेतच. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये एचडी घेऊनही चित्र मऊ दिसायचं. टीव्हीच्या अ‍ॅपवर तोच सिनेमा लख्ख. एका सिनेमात सबटायटल चार-पाच सेकंद मागे होती, माणूस दार आपटून बाहेर गेल्यावर त्याचं वाक्य उमटायचं. तक्रार केली, तर अ‍ॅप काढून परत टाका, असं उत्तर आलं. टाकलं. सबटायटल होती तिथेच. आणि मार्चमध्ये शेवटची वीस मिनिटं राहिली असताना पाहुणे आले, ते गेले तोवर ४८ तास उलटून गेले होते. तेवढ्यासाठी पुन्हा भाडं भरणार नाही असं ठणकावून सांगितलं होतं मी. मंगळवारी भरलं.

आता यादीत एक सिनेमा पडून आहे, सुरू करायला अकरा दिवस उरलेत. आई रोज विचारते, जपानीच आहे ना?