टोप्यांच्या पट्ट्यांतली पायरी: काही महिने विणल्यानंतरचं मत

गोल सुईवर आपण ‘फेरी’ म्हणतो खरं, पण विणकाम स्प्रिंगसारखं वर चढत असतं. म्हणून रंग बदलला की पट्ट्याची दोन टोकं जुळत नाहीत, एका ओळीची पायरी दिसते. पावसाळ्यापासून ४० सेंमीच्या, ८ नंबरच्या (४ मिमी) गोल सुईवर मुलांच्या टोप्या विणतेय. ही पायरी लपवायच्या तीन युक्त्या आता धुऊन, वापरून झाल्यात.

पहिली सगळ्यांना माहीत असते: नव्या रंगाची एक फेरी सरळ विणायची, दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता उजव्या सुईवर घ्यायचा. चार किंवा जास्त ओळींच्या पट्ट्याला हीच घ्या. दोन-दोन ओळींच्या पट्ट्यांना मात्र नको. त्या एका उभ्या रांगेत प्रत्येक पट्ट्याची एक ओळ कमी होते, म्हणजे निम्मी उंची गेली! तिथे चुणी पडते आणि धुतल्यावरही सुटत नाही. दर पट्ट्याला सुरुवात एक टाका डावीकडे सरकवली तर चुणी पडत नाही, पण शेंड्याकडे टाके कमी करताना हिशोब चुकतो. मूळ जागी वेगळ्या रंगाचा मार्कर (सुईवर अडकवायची खुणेची कडी) ठेवावाच लागतो.

दुसरी युक्ती: दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला खालच्या ओळीतला जुन्या रंगाचा टाका उचलून पहिल्या टाक्याबरोबर एकत्र विणायचा. सुरुवात सरकत नाही, पण जाड लोकरीत बारीक गाठ हाताला लागते. बारीक लोकरीच्या मोज्यांना चालेल.

एकेका ओळीच्या पट्ट्यांना या दोन्ही निरुपयोगी. तिथे प्रत्येक रंगाचा धागा स्वतंत्र चढू द्यायचा: एका रंगाने विणत दुसऱ्याच्या धाग्याच्या तीन टाके अलीकडे थांबायचं, ते तीन नुसते सरकवायचे, पुढे दुसऱ्या धाग्याने. धाग्यांना पीळ घालायचा नाही, ओढायचं तर मुळीच नाही. पायरीच तयार होत नाही! माझी सगळ्यात आवडती हीच. फक्त पहिला आणि शेवटचा पट्टा सांभाळावा लागतो.

रिबमध्ये (सुलट-उलट टाक्यांच्या लवचीक विणीत) रंग बदलायचा असेल तर नव्या रंगाची पहिली फेरी सगळी सुलट विणा. नाहीतर उलट टाक्यांवर जुन्या रंगाचे ठिपके उठतात. अ‍ॅक्रिलिक निसरडं असतं, धाग्याची टोकं १५ सेंमी तरी ठेवा आणि आतून पायरी मिटेल अशा तिरक्या दिशेने ओवा.