प्लग-इन हायब्रिडचं चार्ज बटण : फुकटची वीज नाही ती, राजेहो

पहिले निकाल सांगतो, बाकीचं ज्याला वाचायचं त्यानं वाचा. प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनही अन् घरी सॉकेटला लावून भरायची मोठी बॅटरीही. गाडी एक नंबर, पण चालता चालता बॅटरी भरायचं जे बटण दिलं आहे ना, ते पेट्रोल प्यायचं बटण आहे. गरज नसेल तर हातच लावू नका.

गाडी माझी नाही, मामाची. मामाची हिंगणघाटला कापसाची जिनिंग आहे, सीझनमधे नागपूरच्या चकरा लय होतात अन् चालवायला बहुतेक मीच असतो. सेकंडहँड घेतली, बाहेरच्या कंपनीची पेट्रोलवाली एसयूव्ही, दोन टन वजन अन् साधारण बारा युनिटची बॅटरी (लाइट बिलातलं असते तेच युनिट). कंपनीचं नाव टाकत नाही कारण विकणाऱ्याबद्दल खाली दोन शब्द आहेत, अन् तसंही हे बटण बऱ्याच कंपन्यांच्या प्लग-इनमधे असते, कोणी चार्ज म्हणते कोणी आणखी काही.

आपल्याकडे हायब्रिड म्हटलं की लोकांना इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, हायरायडर आठवते. त्या गाड्यांना प्लगच नसतो, बॅटरी एवढीशी असते, हायरायडरची तर एका युनिटपेक्षाही कमी, अन् ती कधी भरायची कधी वापरायची हे गाडी स्वतःच ठरवते, ड्रायव्हरला डोकं लावायची गरज नाही. ग्रँड विटारा हायब्रिडचा कागदावरचा मायलेज २७.९७ आहे, तो ह्या आपोआप चालणाऱ्या खेळातूनच येतो. प्लग-इनची गोष्ट वेगळी. बॅटरी मोठी, रात्री सॉकेटला लावायची, सकाळी गावातल्या गावात पेट्रोल न जाळता तीसेक किलोमीटर फिरायचं (कंपनी जास्त सांगते, पण मे महिन्यात ४६ डिग्रीत एसी लावल्यावर तीसच धरा), अन् लांब जायचं असलं की इंजिन आहेच.

आता विकणाऱ्यानं मामाला सांगितलं काय, तर "काका, हायवेला हे बटण दाबा, नागपूर येईस्तोवर बॅटरी फुल, प्लग कायले लावता?" झालं, मामाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. मी काही बोललो की म्हणे, "अबे, इंजिन तं चालूनच रायलं नं, मंग बॅटरी फुकटच भरून रायली." आता मामाला कोण सांगणार, जिनिंगमधे रुईच्या उताऱ्यातला अर्धा टक्का सोडत नाही तो माणूस, अन् इथं इंजिनातून फुकट काढायला निघाला.

फुकट काहून नाही ते सांगतो. इंजिनावर जनरेटरचा लोड आला की इंजिन तेवढं जास्त पेट्रोल ओढते, साधी गोष्ट आहे. एक लिटर पेट्रोलमधे साधारण पावणेनऊ युनिट एवढी उष्णता असते. त्यातली इंजिन चांगल्यात चांगलं चालत असलं तर पस्तीस टक्के कामी येते, बाकी रेडिएटर अन् सायलेन्सरमधून हवेत. मग जनरेटरमधे थोडी जाते, इन्व्हर्टरमधे थोडी, बॅटरीत भरताना थोडी, म्हणजे बॅटरीत पडतात अडीच, लय झालं तर पावणेतीन युनिट. आता तर पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येते, त्यात ताकद साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी, म्हणून मी अडीचच धरतो. लिटरला शंभराच्या वर चार-पाच रुपये भाव, म्हणजे युनिट पडलं चाळीस-बेचाळीस रुपयाला. महावितरणचं घरगुती बिल काढून पाहा, तीनशे युनिटच्या आतलं असलं तर सगळे आकार अन् ड्युटी धरूनही युनिट ह्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास बसते. पाचशेच्या वरचा स्लॅब लागला तरी निम्म्याच्या आसपास. लोक महावितरणला शिव्या घालतात अन् स्वतःच्या बोनेटखाली दुप्पट-तिप्पट भावाची वीज बनवतात.

बरं ती वीज वापरतानाही मोटरमधे पुन्हा थोडी जातेच. विहिरीचं पाणी सरळ वावरात सोडता येत असताना आधी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं अन् मग टाकीतून ओलीत करायचं, असा हा प्रकार आहे.

एक मुद्दा मात्र बटणाच्या बाजूनं आहे, तो सांगितला नाही तर लबाडी होईल. इंजिन हलक्या लोडवर चाललं की त्याची कार्यक्षमता पडते, वीस टक्क्यांवरही येते. मग गाडी आरामात चालली असताना थोडा जास्तीचा लोड टाकला तर इंजिन चांगल्या पट्ट्यात येते अन् ती जादाची वीज त्यामानानं स्वस्तात बनते. हे खरं आहे. पण राजेहो, हे काम गाडीचा साधा हायब्रिड मोड स्वतःच करते, जेव्हा फायदा आहे तेव्हा भरते, नाही तेव्हा इंजिन बंद करून टाकते. बटण दाबलं की तुम्ही गाडीला म्हणता फायदा-नुकसान पाहू नको, भर. मग तिला इंजिन बंद करायची जी संधी असते तीच जाते. नागपूरच्या वाटेवर जांबच्या चौकात उभी असली तरी इंजिन घुर्रघुर्र चालूच, अन् उभ्या गाडीत चार्ज करणं म्हणजे तर सगळं पेट्रोल बॅटरीसाठीच, किलोमीटर शून्य.

आमचा अनुभव सांगतो, हिंगणघाट ते नागपूर, नॅशनल हायवे ४४, बुटीबोरीपर्यंत मोकळा रस्ता, नव्वदच्या आसपास स्पीड. साध्या हायब्रिडवर ही गाडी सोळाच्या जवळपास देते. चार्ज दाबून गेलो की अकरा. म्हणजे तेवढ्याच रस्त्याला दोन लिटर जास्त, अन् नागपुरात पोचेस्तोवर बॅटरी भरली जेमतेम अर्धी. त्या अर्ध्या बॅटरीवर सीताबर्डी, धंतोली, इतवारी असं पंधराएक किलोमीटर फिरणं होते. तेच दोन लिटर हायब्रिड मोडमधे सरळ शहरात जाळले असते तर ह्याच्यापेक्षा जास्तच फिरणं झालं असतं. मग एवढी उठाठेव कायले? समृद्धीवर तर बातच सोडा, तिथं १२० ची लिमिट, हवा कापण्यातच इंजिनाचा जीव जाते, वरून चार्जिंग टाकलं की आवाज असा येते की मागे बसलेली मामी विचारते, "काही बिघडलं का रे बापू?"

त्याच्या बाजूला होल्डचं बटण आहे, ते कामाचं. घरून बॅटरी फुल करून निघायचं, हायवेला होल्ड करायचं म्हणजे बॅटरी आहे तिथंच राहते, अन् नागपूरच्या ट्रॅफिकमधे शिरलं की सोडायचं. पेट्रोल इंजिन मोकळ्या रस्त्यावर बरं चालते अन् गर्दीत खाते, बॅटरीचं उलटं. मामाला हे पटवायला वेळ लागला, कारण होल्ड करायचं म्हणजे आधी घरी प्लग लावावा लागते.

अन् प्लग लावणं हाच आपल्या भागातला खरा त्रास. गाडीसोबत जी केबल येते तिच्या मधोमध एक विटेएवढा डबा असतो, त्यावर लाइट. साध्या मोठ्या सॉकेटला लावली की दहा अँपिअर ओढते, पाच-सहा तासात बॅटरी फुल. जिनिंगच्या ऑफिसमधे लावली तर हिरव्याऐवजी लाल लाइट टिकटिक करायचा. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे केबल खराब, नवीन घ्या, अन् जो आकडा सांगितला त्यात एक बरी सेकंडहँड बाइक येते. मग आमच्या गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला, बोर्ड खोलला, म्हणे "भाऊ, अर्थिंगच नाही तुमच्या इथं, हिरवी वायर भिंतीत घालून सोडून देल्ली." मागच्या अंगणात खड्डा खोदला, तांब्याची पट्टी, मीठ-कोळशाचा थर, वरून चार बादल्या पाणी, अन् लाइट हिरवा! उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत राहायचं एवढं त्यानं बजावलं. सांजच्या पारी जिनिंगची गाठी बांधायची प्रेस चालू असली की व्होल्टेज पडते, तेव्हा चार्जिंग बंद पडते, म्हणून आम्ही रात्री दहानंतर लावतो. लाइट गेली तर गेली, सकाळी जेवढी भरली तेवढी. तुमच्याकडे ही सोय होत नसेल तर प्लग-इनच्या भानगडीत पडूच नका, साधी हायब्रिड घ्या, दीड-दोन क्विंटलची बॅटरी उगाच वाहून नेण्यात काय अर्थ आहे?

हे फक्त आपलंच रडगाणं नाही हं. युरोपियन कमिशननं २०२४ मधे रस्त्यावरच्या गाड्यांचा खरा डेटा काढला तर प्लग-इन हायब्रिडचा धूर (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) लॅबच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला. मोठं कारण तेच, लोक प्लग लावत नाहीत. चार्जचं बटण तिकडे कामी तरी येते, काही शहरांच्या मधल्या भागात धुराच्या गाड्यांवर बंधनं आहेत, तिथं शिरायच्या आधी बॅटरी भरून घेता येते. आपल्या इथं गाडी कुठंही न्या, कोणी विचारत नाही.

घाटातलंही सांगून टाकतो कारण तिथं लोक हमखास गडबड करतात. चिखलदऱ्याला जाताना परतवाड्याहून बटण दाबून चढू नका. चढावर आधीच इंजिन फुल लोडवर, त्यात चार्जिंग, अन् वर पोचता बॅटरी भरलेली. मग उतरताना गाडीनं ब्रेकमधून जी वीज बनवायची ती ठेवायला जागाच नाही, गाडी तो इलेक्ट्रिक ब्रेक कमी करते अन् सगळा भार साध्या ब्रेकवर. उलट बॅटरी थोडी रिकामी ठेवून उतरा. सातशेएक मीटरचा उतार आहे, दोन टनाच्या गाडीला एक-सव्वा युनिट परत मिळते. ही मात्र खरोखर फुकटची.

मग हे बटण कधीच दाबायचं नाही का? एक जागा आहे. लग्नसराई. मामाची गाडी नवरदेवाला देतात सगळे, मोठी दिसते म्हणून. वरात निघाली की डीजेमागे गाडी दोन तास मुंगीच्या चालीनं, आत शेरवानीत घामाघूम नवरदेव, बाहेर नाचणारी पोरं बोनेटला टेकलेली. तिथं इंजिन बंद ठेवून बॅटरीवर एसी चालतो, गाडी गरम होत नाही, नाचणाऱ्यांच्या तोंडावर धूर नाही. लग्नाच्या गावात प्लग मिळेल ह्याचा भरवसा नसतो, म्हणून वाटेत शेवटच्या टप्प्यात चार्ज दाबतो. दोनशे रुपयाचं पेट्रोल जास्त जाते, पण ते आहेरात धरायचं.

रेटिंग : गाडीला साडेचार, होल्डला पाच, चार्जच्या बटणाला दीड, अन् तोही त्या वरातीमुळे. सेकंडहँड प्लग-इन घ्यायला जात असाल तर बॅटरीची वॉरंटी किती उरली ते कागदावर पाहा, बऱ्याच कंपन्या आठ वर्षं देतात. ई-२० चालते का ते पेट्रोलच्या झाकणामागे नाहीतर मॅन्युअलमधे वाचा. अन् डिक्की उघडून चार्जिंगची केबल काढायला लावा, कव्हरमधेच घडी मारलेली नवीकोरी निघाली तर समजा आधीच्या मालकानं ती कधी लावलीच नाही, सगळं इंजिनावरच चाललं आहे, मग सर्व्हिस रेकॉर्ड डोळे उघडून वाचा अन् भाव त्या हिशोबानं पाडा.