केबल बदलावी, लॅन कार्ड घ्यावं की यूएसबी अडॅप्टर?

डेस्कटॉपचं वायरचं नेट सारखं जायला लागलं की बरेच जण थेट नवं लॅन कार्ड मागवतात. त्याआधी दहा मिनिटं काढा. तीच केबल लॅपटॉपला लावा, मग दुसरी केबल डेस्कटॉपला लावा. बिघाड वायरीत आहे की पोर्टात, हे तिथेच कळतं.

नेट चालतंय पण मंद आहे, असं असेल तर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, 100 एमबीपीएसला चारच पुरतात. राउटर आणि डेस्कटॉप दोन्ही गिगाबिटचे असूनही आकडा 100 दिसत असेल, तर बहुतेक वेळा एखादी तार तुटलेली असते किंवा पिनला नीट टेकत नसते. राउटरचे पोर्टच 100 चे असतील तर मात्र केबलला दोष देऊ नका. आणि पोर्टाचा दिवा लागतोय, पण आयपी पत्ता 169.254 ने सुरू होतोय, तर डेस्कटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी काहीही विकत घेऊ नका. राउटर बंद करून चालू करा, त्याचा दुसरा पोर्ट वापरून बघा.

दोष केबलचा निघाला तर दोन वाटा. वायर भिंतीतून गेली असेल तर फक्त टोकाचा कनेक्टर कापून नवा क्रिंप करून, म्हणजे क्रिंपिंगच्या पकडीने दाबून बसवून घ्या. तुटणं बहुधा तिथेच असतं. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. केबल उघड्यावरची दोन-तीन मीटरची असेल तर क्रिंपिंगच्या फंदात पडू नका, दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार केबल, म्हणजे पॅचकॉर्ड, आणा. घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिच्या तारा वाकवल्या की लवकर तुटतात. कॅट 5ई प्रकारची केबल गिगाबिटसाठी 100 मीटरपर्यंत पुरते. घरात कॅट 6 साठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही.

पोर्टावर संशय असेल तर आधी मशीन बंद करून पॉवर केबल काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि मग पुन्हा चालू करा. अडकलेली लॅन चिप कधी कधी एवढ्यानेच जागी होते.

पोर्ट खरंच गेला असेल तर माझी पसंती पीसीआय एक्स्प्रेस लॅन कार्डाला, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डाला. ते कॅबिनेटमध्ये पक्कं बसतं, धक्क्याने निघत नाही, यूएसबीचा पोर्टही अडवत नाही. फक्त स्लॉट मोकळा आहे का ते बघा; जाड ग्राफिक्स कार्डाखाली तो झाकला जातो, आणि छोट्या कॅबिनेटला कार्डाची मागची धातूची पट्टी आखूड लागते. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण बसवताना नेट नसणार.

यूएसबी अडॅप्टर घ्यायचा तो स्लॉट नसेल, स्क्रीनमध्येच सगळं असलेला ऑल-इन-वन असेल किंवा कॅबिनेट उघडायची भीती वाटत असेल तर. यूएसबी 3 चाच घ्या आणि 3 च्याच पोर्टात लावा, 2.0 ची मर्यादा 480 एमबीपीएस आहे, गिगाबिट त्यात मावत नाही.

केबलवाल्याची तांब्याची वायर गच्चीवरून येऊन थेट डेस्कटॉपला लागत असेल, तर वळवाच्या पावसात नवं कार्डही जळू शकतं. ती वायर राउटरला द्या, आणि विजा चमकायला लागल्या की राउटरचा प्लग काढताना त्यात लावलेली ती वायरही काढा.