रस्त्याकडेचे पाम: राहू द्यायचे, वाळकं काढायचं, की शेंड्यापर्यंत छाटायचं?

रस्त्याच्या कडेचे पाम छाटावेत का, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाला डोक्यावर पडणारी झावळी दिसते, दुसऱ्याला झाडावर चाललेली करवत. प्रत्यक्षात पालिकेपुढे पर्याय तीन असतात: झाडाला हातच लावायचा नाही, फक्त वाळलेल्या झावळ्या आणि फळांचे घोस उतरवायचे, किंवा दरवर्षी वर चार-पाच कोवळी पानं ठेवून बाकी सगळं साफ करायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. तिसरा पर्याय यादीतून काढून टाका. पहिल्या दोनांतला कोणता घ्यायचा, हे पाम कोणत्या जातीचा आहे आणि त्याच्याखाली काय आहे, यावर ठरवा.

तिसऱ्याला इतका सरसकट नकार का? पाम हे इतर झाडांसारखं झाडच नाही. इतर झाडांची फांदी तोडली की बाजूने धुमारे फुटतात, जखमेवर हळूहळू साल चढते. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच, तोही अगदी शेंड्यात. तो गेला की झाड गेलं. खोडाला सालीखालचा वाढीचा थर नसतो, त्यामुळे जखम भरून येत नाही. टोकदार खिळ्यांचे बूट घालून कुणी चढलं, तर त्या बुटांची भोकं झाड उभं असेपर्यंत खोडावर राहतात.

दुसरं म्हणजे, हिरवी झावळी हा झाडाचा साठा असतो. जमिनीत पोटॅशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून खालची पानं पिवळी, ठिपकेदार दिसतात. ‘वाईट दिसतंय’ म्हणून ती कापली की झाड त्यांच्या वरच्या पानांतून पोटॅशियम ओढायला लागतं. पिवळेपणा एक मजला वर सरकतो, मागोमाग छाटणीही. हे वर्षानुवर्षं चाललं की शेंड्याकडचं खोड पेन्सिलीच्या टोकासारखं बारीक होत जातं. तिथे छाटणीऐवजी योग्य खत घातलं असतं तर झाड सुधारलं असतं.

‘वादळात कमी पानं असली की झाड टिकतं’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. फ्लोरिडात अशा छाटणीला ‘हरिकेन कट’ असंच नाव आहे. पण तिथे २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनंतर जी माहिती गोळा झाली, तिच्यावरून उलटंच दिसलं: भरगच्च डोक्याच्या पामांपेक्षा अशा छाटलेल्या पामांचे शेंडे मोडण्याची शक्यता जास्त होती. बाहेरची पानं गेली की वाऱ्याचा सगळा मार मधल्या कोवळ्या कोंबाला बसतो.

आता उरलेल्या दोन पर्यायांकडे. हात न लावण्याची बाजू वाटते तितकी आळशी नाही. वॉशिंग्टोनिया पामच्या वाळक्या झावळ्या खोडाभोवती घागऱ्यासारख्या लोंबत राहतात. त्यात पक्षी घरटी करतात. कॅलिफोर्नियात पिवळी वटवाघळं त्याच घागऱ्यात दिवस काढतात. खर्च नाही, जखम नाही, रोगाचा शिरकाव नाही. मोकळ्या मैदानात किंवा रुंद दुभाजकावर मी हाच पर्याय निवडेन.

पण त्याच घागऱ्यात उंदीर राहतात आणि तो पेटायला एक ठिणगी पुरते. शिवाय फार वर्षं साठलेला घागरा छाटणं हे जीवघेणं काम आहे. कामगार खालून वर चढत कापत गेला आणि वरचा थर एकदम घसरून त्याच्या अंगावर बसला, तर तो तिथेच गुदमरतो. कॅलिफोर्नियात असे मृत्यू झालेले आहेत. काम वरून खाली, शक्यतो यांत्रिक पाळण्यातूनच व्हायला हवं. म्हणजे ‘आत्ता नको, दहा वर्षांनी बघू’ हा पर्याय नाही. एकतर नियमित काढा, नाहीतर जिथे माणसांची ये-जा नाही तिथेच साठू द्या.

जातीनुसार चित्र बरंच बदलतं. रॉयल पाम आपली वाळलेली झावळी स्वतःच टाकतो, साधारण महिन्याला एक. ती तीन-चार मीटर लांब आणि चांगलीच वजनदार असते. झाडाच्या दृष्टीने छाटणीची गरज शून्य. खाली बसथांबा किंवा गाड्यांची रांग असेल तर मात्र पिकलेली झावळी आधीच उतरवावी लागते. माडाचं कोडं झावळ्यांपेक्षा नारळांचं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या पालिका वर्दळीच्या जागी नारळ नियमित उतरवतात. फुटपाथवर माड ठेवायचा तर हा खर्च झाडाच्या आयुष्यभराचा धरायला हवा. तो झेपणार नसेल तर तिथे माड लावूच नये.

खजुराच्या जातींत वाळकं काढणं ठीक, पण सगळ्यात जास्त काळजी इथेच. कॅनरी खजुराला फ्युझेरियम नावाच्या बुरशीचा मररोग होतो आणि तो करवतीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातो. ओळख अशी: एकाच झावळीच्या एका बाजूच्या पात्या वाळलेल्या, दुसऱ्या बाजूच्या अजून हिरव्या. यावर औषध नाही. म्हणून प्रत्येक झाडानंतर हत्यार भुसा काढून निर्जंतुक करावं लागतं. साखळी करवत नीट साफ होत नाही, हातकरवत होते. दिवसाला पन्नास झाडं उरकायला निघालेली टोळी हे करेल का, हे तुम्हीच ठरवा.

त्यात लाल सोंड्या भुंगा. मूळचा दक्षिण आशियातला हा किडा आता भूमध्य समुद्राकाठच्या देशांतही पसरला आहे. ताज्या कापाच्या वासाने तो येतो, तिथे अंडी घालतो आणि अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेरून कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. जिथे हिवाळ्यात भुंगा थंडावतो तिथे छाटणी तेव्हाच करावी. हिरवं जितकं कमी कापाल तितके ताजे काप कमी.

मग कामाचा आदेश कसा लिहायचा? झाडाचं डोकं घड्याळाची तबकडी धरा: ९ आणि ३ यांना जोडणाऱ्या आडव्या रेषेच्या वरचं एकही हिरवं पान कापायचं नाही. खाली लोंबणारी तपकिरी पानं आणि फळांचे घोस काढायचे. खिळ्यांचे बूट बंद. घरट्यांच्या हंगामात आधी पाहणी.

आणि पैसे ‘प्रतिझाड’ देऊ नका. तसं केलं की कमी फेऱ्यांत जास्त कापण्यातच कंत्राटदाराचा फायदा असतो. एकदा टक्कल केलं की दोन वर्षं त्या रस्त्याकडे फिरकायला नको. दर फेरीचा ठरवा आणि बिल मंजूर करण्याआधी खाली पडलेला ढीग बघायला कुणाला तरी पाठवा. ढिगात हिरवं जास्त दिसलं तर बिल अडवा.